मुलाबद्दलची दीड ओळ

पत्र एका आईचं आहे. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, यजमानांचं कृषी सेवा केंद्र, घरात सासूबाई. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. वर्षभरापासून ती फार रडते. मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं म्हणून रडली, चाचणीत मार्क कमी पडले म्हणून रडली, ओढणी नीट घे म्हटलं म्हणूनही रडली. तासाभरानं मावसबहिणीशी फोनवर हसत असते. कधीकधी रात्री मात्र 'मला काहीच जमत नाही, मी कुणालाच आवडत नाही' असं पुन्हा पुन्हा म्हणत बसते. सासूबाईंच्या मते ही नाटकं आहेत. यजमान म्हणतात, मुलींची जात हळवी, सोडून दे. वयात येणाऱ्या मुलींमध्ये डिप्रेशनचं प्रमाण मुलांच्या दुप्पट असतं असं या आईंनी मोबाईलवर वाचलं आणि त्या घाबरल्या. त्यांचा प्रश्न असा: 'हिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं का? गावात कळलं तर उद्या लग्नाच्या वेळी अडचण येईल का?' थोरला मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. त्याच्याबद्दल पत्राच्या शेवटी दीड ओळ आहे: 'मोठ्याचं काही टेन्शन नाही. बारावीमुळे जरा घुम्या झालाय, पण तो पहिल्यापासून बापावरच गेलाय.'

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या मुलीसाठी, नंतर दोनदा तुमच्या मुलासाठी. तुम्ही विचारलंय मुलीबद्दल आणि त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण आधी मुलाबद्दल बोलू द्या. मला जास्त काळजी त्याची वाटली.

त्या दीड ओळीखेरीज तो तुमच्या पत्रात आणखी चार ठिकाणी आलाय, तुमच्या नकळत. मुलगी रात्री दोन वाजता रडत होती तेव्हा 'दादा जागाच होता, त्यानं उठून आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.' मुलीच्या जेवणाबद्दल सांगताना तुम्ही लिहिता की ती निदान डबा तरी संपवते, 'दादाचा तर जूनपासून अर्धा परत येतो.' तिसऱ्या पानावर ती मोठ्यानं रडली म्हणून त्यानं दारावर मूठ मारली आहे, आणि पुढे तुमचं वाक्य आहे, 'हल्ली एवढ्यातेवढ्यावर चिडतो, अभ्यासाचं प्रेशर, दुसरं काय.' चौथी जागा बॅटची. शेजारचा मुलगा ती मागायला आला. आजोबांनी दहावीच्या निकालानंतर घेऊन दिलेली बॅट, हँडलची ग्रिप हा स्वतः बदलायचा, एरवी कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी म्हणाला, 'घेऊन जा, परत आणू नकोस.' तुम्ही लिहिलंय, 'तेवढीच अभ्यासातली अडचण गेली.'

त्या वाक्यापाशी मी थांबले, ताई.

पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करणारही नाही. कदाचित त्याला खरंच अभ्यासावर लक्ष द्यायचं असेल. पण झोप उडालीय, जेवण कमी झालंय, चिडचिड वाढलीय, जीव की प्राण असलेल्या खेळावरून मन उडालंय, आणि हे सगळं गेले तीन-चार महिने चाललंय. मुलीच्या बाबतीत तुम्ही एवढं पाहिलं असतं तर मला पत्र लिहायलाही थांबला नसतात. जीव लावलेली वस्तू अशी देऊन टाकणं तर आम्ही समुपदेशक फार गांभीर्यानं घेतो. दर वेळी त्यामागे वाईटच काही असतं असं नाही. पण विचारायचं मात्र राहून जाता कामा नये.

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडणारं माणूस येतं. मानसोपचारतज्ज्ञ जगभर जी डीएसएम नावाची नियमावली वापरतात, तिच्यात मुलं आणि किशोरवयीनांसाठी एक वेगळी नोंद आहे: त्यांच्यात उदासीच्या जागी सततची चिडचिड असली तरी ती नैराश्याचं लक्षण म्हणून धरायची. आपल्या घरांत मात्र मुलाची चिडचिड स्वभावात जमा होते. बापावर गेलाय, रक्त गरम आहे, वयच तसं आहे, असं म्हणून विषय मिटतो.

आता तुम्ही वाचलेल्या त्या 'दुप्पट'बद्दल. ती गोष्ट खोटी नाही. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याच्या बाबतीत फारसा फरक नसतो. बारा-तेराव्या वर्षापासून मुलींचं प्रमाण वाढू लागतं. अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ही तफावत १३ ते १५ या वयात सर्वांत जास्त दिसली, दुपटीच्याही पुढे. तुमची मुलगी नेमकी त्या वयात आहे, म्हणून तुमची भीती मी उडवून लावणार नाही. पण हा हिशोब हजारो मुलांचा आहे आणि तुमच्या घरात दोनच मुलं आहेत. त्यातलं कोण अडचणीत आहे, हे टक्केवारी सांगू शकत नाही.

आणखी दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटात सगळे मानसिक आजार मिळून प्रमाण ७.३ टक्के निघालं, आणि ते मुलगे व मुली दोघांत जवळपास सारखं होतं. दुसरा आकडा लिहिताना हात जड होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. त्या विद्यार्थ्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. अशा घटनेमागे एकच एक कारण कधी नसतं. पण नैराश्य मुलींना दुपटीनं आणि जीव देणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून जास्त, याचा मेळ घालायला गेलं की मला नेहमी तेच दिसतं: किती मुलगे आमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

पोचले तरी बोलत नाहीत. एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. 'मार्क एकदम पडले' म्हणून वडिलांनी अकरावीतल्या मुलाला आणलं होतं. वडील बाहेर बसले. मुलगा चाळीस मिनिटं हातातल्या बाटलीचं झाकण फिरवत होता, उघड, लाव, उघड, लाव. प्रत्येक प्रश्नाला 'काही नाही मॅडम'. मग अचानक म्हणाला, 'मॅडम, पाणी मिळेल?' हातातली बाटली गळ्यापर्यंत भरलेली. मी उठले, बाहेर जाऊन ग्लास भरायला मुद्दाम वेळ लावला. परत आले तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि शर्टाची बाही ओली. रडायला त्याला रिकामी खोली हवी होती. त्यानंतर तो बोलला, बराच वेळ बोलला.

मुलगे मुळातच कमी हळवे असतात, हे गृहीत धरू नका. मुलगे आणि मुली भावना कशा दाखवतात यावरच्या अभ्यासांची २०१३ मध्ये एक मोठी छाननी झाली, वीस हजारांहून अधिक मुलांवरची. मुली उदासी आणि भीती थोडी जास्त दाखवतात, हे खरं निघालं. पण तो फरक अगदी बारीक होता, घरात आपण मानतो त्याच्या जवळपासही नाही. खरा फरक आपल्या वागण्यात पडतो. मुलगी पडली की 'कुठं लागलं गं' आणि मुलगा पडला की 'काही झालं नाही, ऊठ, मुलगा असून रडतोस?' हे तो तीन वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. सतराव्या वर्षी त्याला दुखतं तेव्हा त्याच्याकडे त्यासाठी शब्दच नसतो. मूठ असते, ती दारावर बसते.

तुम्ही अभिमानानं लिहिलंय की फेब्रुवारीत सासरे गेले तेव्हा 'यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं.' यजमानांना मी दोष देत नाही. हंगाम असेल, उधारी असेल, दुःखाची ज्याची त्याची रीत असते. पण बॅट घेऊन देणारे आजोबा गेले, बाप तिसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसला, आणि हे सगळं एका सतरा वर्षांच्या मुलानं पाहिलं. त्या आठवड्यात त्याच्याजवळ कोण बसलं होतं, ताई? आठवून बघा. त्याच्या आत्ताच्या वागण्याचं कारण तेच असेल असं नाही, पण ती आठवण निघाली तर तो कदाचित बोलेल.

आता काय करायचं ते. मुलाशी याच आठवड्यात बोला. समोर बसवून, 'काय झालंय सांग' असं नको, तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसेल. या वयाची मुलं, विशेषतः मुलगे, समोरासमोर गप्प आणि शेजारी शेजारी मोकळे असतात. दळण घेऊन गिरणीत जा, तो गाडी चालवेल, तुम्ही मागे बसा. किंवा रात्री तो जागा असतो तेव्हा दोन कप दूध घेऊन गच्चीवर जा. जे दिसलंय तेवढंच म्हणा: 'डबा परत येतो, रात्री लाईट चालू असते, बॅट देऊन टाकलीस. मला तुझी काळजी वाटते.' मग थांबा. गप्प बसणं जड जाईल, तरी थांबा. 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं' हे नको, शर्माकाकांच्या मुलाचे मार्क तर नकोतच.

आणि एक प्रश्न सरळ विचारा: 'जगणं नकोसं होतं का रे कधी? मरणाचे विचार येतात का?' असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरेल अशी भीती सगळ्या आयांना वाटते. तसं होत नाही. आतल्या आत घुसमटणाऱ्या मुलाला उलट वाटतं, सुटलो, कुणीतरी विचारलं. तो 'हो' म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याच्यापाशी राहा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

'हो' म्हणायची वाट न बघता आजच करायची एक गोष्ट आहे. दुकानातला जास्तीचा माल घराच्या माडीवर असतो असं तुम्ही लिहिलंय. शेतीची ती सगळी औषधं घरातून हलवा. दुकानात जागा नसेल तर कुलपात ठेवा आणि किल्ली यजमानांच्या खिशात असू द्या. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्याही. ज्यांच्या घरात शेतीची औषधं आहेत आणि वाढत्या वयाचं लेकरू आहे, त्या प्रत्येकानं हे करावं, लेकरू कितीही हसतंखेळतं असो. वाईट विचाराची तीव्र लाट बऱ्याचदा थोडा वेळ टिकते. त्या वेळात हाताशी काही नसणं, एवढ्यानं जीव वाचतात.

मग डॉक्टर. तुमच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतील. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत, तिथे समुपदेशन मोफत मिळतं. मध्यरात्री घाबरायला झालं तर १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मुलालाही तो नंबर द्या, 'तुला लागेल म्हणून नाही, मित्रांपैकी कुणाला लागला तर' असं म्हणून दिलात तरी चालेल. नैराश्य सौम्य असेल तर बऱ्याचदा बोलण्याच्या उपचारांनी भागतं. गोळ्या दिल्या तर त्यांचं व्यसन लागत नाही, फक्त डॉक्टरांना न विचारता मध्येच थांबवायच्या नाहीत. वर्ष बारावीचं आहे म्हणून हे मार्चनंतर बघू, असं मात्र करू नका.

आता तुमच्या लाडक्या लेकीकडे येते.

तिचं रडणं नाटक नाही. ते लगेच आजारही ठरत नाही. चिक्सेंटमिहाय आणि लार्सन या दोन अभ्यासकांनी शिकागोजवळच्या ७५ शाळकरी मुलामुलींना आठवडाभर एकेक पेजर, म्हणजे संदेश आला की वाजणारं खिशातलं छोटं यंत्र, दिला होता. तो दिवसातून अनेकदा अवेळी वाजायचा आणि त्या क्षणी कसं वाटतंय ते मुलांनी लिहायचं. १९८४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मुलांचं मन मोठ्यांपेक्षा फार वर आणि फार खाली जात होतं, पण तासाभराच्या आत परत जागेवर येत होतं. तुमची मुलगी रडून तासाभरात मावसबहिणीशी हसते, हे त्यातलंच. शाळेत जाते, डबा संपवते, झोपते, हसते. हे सगळं चालू आहे तोवर तिला पांघरूण हवंय, पण तातडीनं दवाखाना गाठायची गरज दिसत नाही.

काळजी वाटते ती तिच्या रात्रीच्या वाक्याची. 'मी कुणालाच आवडत नाही' हे तेच तेच उगाळत बसणं. येल विद्यापीठातल्या सुसान नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. दुःखात असताना त्याच त्या विचाराभोवती फिरत राहिलं तर उदासी लांबते आणि खोल जाते, आणि ही सवय मुली-बायकांत जास्त दिसते. आपल्या आज्या याला कुढणं म्हणायच्या. तेव्हा तिचं ऐकायचं, मनापासून, मधे न तोडता. पण अर्ध्या तासानं 'चल, आता ऊठ' म्हणून काहीतरी हाताला लावायचं. शेंगा सोलायला घ्या, गल्लीत चक्कर मारा.

आणि तिची सायकल तिला परत द्या. 'पाळी आल्यापासून क्लासला सायकलवरून पाठवणं बंद केलं, यजमान सोडतात' असं तुम्ही सहज लिहून गेलात. मुलींचा आलेख बारा-तेराव्या वर्षी का चढतो, याला शरीरातले बदल हे एक कारण आहे. पण आपल्याकडे त्याच वर्षी तिचं अंगण आक्रसतं. मोठ्यानं हसू नकोस, ओढणी घे, दारात उभी राहू नकोस. जी गोष्ट दादाला कालपर्यंत होती आणि आजही आहे, ती तिची काढून घेतली जाते. त्यावर रडू येणारच. मला विचाराल तर मी तिच्या रडण्याला हट्ट म्हणणार नाही, तो तिचा योग्य राग आहे आणि तो दाखवायची तिला परवानगी नाही. मुलाला राग चालतो, रडणं चालत नाही. मुलीला रडणं चालतं, राग चालत नाही. तुमच्या घरात दोघांनीही आपापल्या वाटेला आलेलं तेवढं धरून ठेवलंय.

तिला एकांतात हेही विचारा: शाळेत, क्लासला, नात्यात, मोबाईलवर कुणी त्रास देतं का, कुणी नको तसा हात लावलाय का. या वयाच्या मुलींच्या उदासीमागे हे अनेकदा निघतं, आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. मुलालाही हे विचारायला हरकत नाही. त्यांच्याही बाबतीत घडतं, फक्त आपण कधी विचारत नाही.

तिचं रक्तही तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय निघाला, मुलग्यांत ३१.१ टक्के. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी थकलेली आणि चिडकी होते. थायरॉईडही बघा. पाळीच्या तारखा कॅलेंडरवर खुणावून ठेवा, रडण्याचे दिवस त्यांच्या आसपास येतात का ते दिसेल. हे सगळं करूनही रात्रीचं कुढणं रोजचं झालं, दोन आठवडे सलग टिकलं, शाळा नकोशी झाली, जेवणझोप बिघडली किंवा अंगावर ओरखडे दिसले, तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. हीच फूटपट्टी मुलाला, हीच मुलीला. अश्रू मोजू नका, काय बदललं आणि किती दिवस, ते मोजा.

लग्नाची भीती तुम्हाला वाटते, मला ती कळते. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतो, डॉक्टर ती गावात सांगू शकत नाहीत. तालुक्यात नको वाटत असेल तर जिल्ह्याला जा. एक मात्र माझ्या लक्षात आलं. हा लग्नाचा प्रश्न तुम्ही मुलीसाठी विचारलात. मुलासाठी विचारायची वेळच आली नाही, कारण त्याला दाखवायचं तुमच्या मनातच आलं नव्हतं.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. त्यांनी मुलाला उपदेश करू नये अशी माझी विनंती आहे. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी दुकान तासभर आधी बंद करून त्याला सोबत घेऊन त्यांनी शेतावर चालत जावं आणि स्वतःच्या वडिलांबद्दल बोलावं. आजोबांबद्दल काहीही, त्यांच्या सायकलबद्दल, त्यांच्या शिव्यांबद्दल. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं तर पुसायची घाई करू नये. मुलानं ते बघावं.

आणि शेजाऱ्यांकडून बॅट परत आणा. मुलाला देऊ नका, काही बोलू नका, नुसती तिच्या जागेवर, दाराच्या मागे, उभी करून ठेवा.

डॉक्टरांची वेळ मिळाली की मला दोन ओळी कळवा. या वेळी दोन्ही मुलांबद्दल.